गाऊट आणि यूरिक अॅसिड: घरी काय करायचं, ताटातून काय कमी करायचं आणि डॉक्टर कुठे लागतोच

आमच्या ह्यांना गाऊटचा, म्हणजे यूरिक अॅसिडनं सांधा सुजण्याचा, पहिला अटॅक आला तो डिसेंबरात, रात्री अडीचच्या सुमाराला. आदल्या दिवशी दिंडोरीकडे चुलत दिरांच्या मळ्यात जेवण होतं, मटण, बिअर, जेवायलाच साडेदहा वाजलेले आणि दिवसभरात पाणी धड कोणी पिलेलं नाही. झोपेतून एकदम उठून बसले आणि म्हणाले अंगठा कोणीतरी पक्कडीत धरून पिळतंय. लाईट लावून बघितलं तर उजव्या अंगठ्याचं मूळ लालबुंद, तुकतुकीत सुजलेलं, हात लावू देईनात. थंडी अशी की गोधडीशिवाय चालेना आणि गोधडीचं टोक नुसतं लागलं तरी कळवळायचे. शेवटी गॅलरीत द्राक्षांचं रिकामं प्लॅस्टिकचं कॅरेट पडलं होतं, ते पुसून पायावर उपडं ठेवलं, त्याच्यावरून गोधडी टाकली, पाय आत मोकळा राहिला आणि तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागला.

ह्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मधे तीन अटॅक आले, बऱ्याच चुका झाल्या, आणि गेल्या दीड वर्षात एकही नाही. नात्यातले, सोसायटीतले लोक विचारतात काय केलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून आणि वाचून जे पक्कं कळलं तेवढंच सांगते. आणि एक गोष्ट आधीच सांगते, आपल्याकडे यूरिक अॅसिड वाढलं की लोक वरण सोडतात, टोमॅटो सोडतात, ताक सोडतात, आणि रस्सा, कोल्ड्रिंक, उसाचा रस चालूच राहतो. म्हणजे जे सोडायला नको ते सोडतात आणि जे सोडायचं ते राहतं. आमचंही पहिलं वर्ष असंच गेलं.

अटॅक चालू असेल तर आधी हे करा

पाय उंच ठेवा, दोन उशा घेऊन, आणि बर्फ लावा. बर्फ थेट कातडीला नाही, पंच्यात किंवा नॅपकिनमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आमच्या सासूबाईंनी पहिल्या रात्री तवा तापवून शेकायला घेतलं होतं, प्रेमापोटीच, पण गाऊटचा सांधा आधीच आतून पेटलेला असतो, गरम शेकानं बहुतेकांचा ठणका वाढतो. तेल चोळणं, मालिश, अंगठा ओढून मोकळा करणं हे तर अजिबात नाही. चालायला लावू नका, बाथरूमला जायचं तर भिंतीला धरून टाचेवर.

पाणी भरपूर द्या, लिंबू पिळून दिलं तरी चालतं. आणि डॉक्टरांना लवकर गाठा. अटॅकची औषधं म्हणजे कोल्चिसिन, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, कधी थोडे दिवस स्टेरॉइड, ही जितक्या लवकर सुरू होतात तितकी चांगली लागू पडतात, पहिल्या दिवसात घेतली तर फरक लगेच दिसतो. पण मेडिकलमधून स्वतःच्या मनानं पेनकिलर आणू नका, विशेषतः किडनीचा त्रास, बीपी, अॅसिडिटीचा अल्सर किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर. कोल्चिसिन तर मोजूनच घ्यायची गोळी आहे, जास्त झाली की आधी जुलाब आणि पुढे जिवावर बेतू शकतं, आणि काही अँटिबायोटिकसोबत, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या, ती चालत नाही, म्हणून घशाला वगैरे दुसरं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचंच.

यूरिक अॅसिड कमी करायची रोजची गोळी आधीपासून चालू असेल तर अटॅकमध्ये ती बंद करू नका. आम्ही केली होती. "गोळी घेतोय तरी दुखतंय, मग कशाला घ्यायची" असं वाटतं, पण बंद-चालू केलं की आकडा वरखाली होतो आणि अटॅक अजून लांबतो.

सांधा लाल आणि सोबत ताप, थंडी वाजून येणं असेल तर घरी थांबूच नका. सांध्यात इन्फेक्शन झालं तरी अगदी असंच दिसतं आणि ते काही तासांत सांधा खराब करू शकतं. ते घरात बसून ओळखता येत नाही.

हे खरंच गाऊट आहे का, ते पक्कं करा

अटॅक चालू असताना रक्त तपासलं तर यूरिक अॅसिड नॉर्मल येऊ शकतं. ह्यांचं पहिल्या वेळी ६.३ आलं आणि आम्ही म्हटलं चला, गाऊट नाही, मुरगळला असेल. खरी टेस्ट अटॅक ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करायची असते. तेव्हा ८.९ आलं. सगळ्यात खात्रीचं म्हणजे सांध्यातलं पाणी काढून मायक्रोस्कोपखाली सुईसारखे स्फटिक बघणं, पण अंगठ्याच्या मुळाशी रात्रीतून आलेली अशी सूज असेल तर डॉक्टर बरेचदा लक्षणांवरूनच ओळखतात. क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), शुगर, लिपिड (कोलेस्टेरॉल) आणि लघवीची तपासणी त्याच वेळी करून घ्या, गाऊट सहसा एकटा येत नाही, बीपी-शुगर-किडनी ह्यांच्या सोबतीनं येतो.

उलट्या बाजूनं पण सांगते. नुसता रिपोर्टमध्ये आकडा ७.५ आला आणि आयुष्यात कधी सांधा सुजला नाही, मुतखडा नाही, तर तो गाऊट नाही, अशांना बहुतेक वेळा गोळी लागत नाही, खाण्यापिण्यात बदल केला तरी पुरतं. टाच दुखतीय, गुडघे दुखतायत आणि यूरिक अॅसिड जरासं जास्त आलंय म्हणून सगळं त्याच्यावर ढकलू नका.

६.८ हा आकडा डोक्यात ठेवा

दर १०० मिली रक्तात यूरिक अॅसिड साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळून राहतं, त्याच्या वर गेलं की हळूहळू त्याचे स्फटिक सांध्यात बसायला लागतात, चहात साखर जास्त झाली की तळाशी बसते तसं. गार जागी लवकर बसतं, आणि पाय हा शरीराचा सगळ्यात गार भाग, म्हणून अंगठा, म्हणून रात्र, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली जातो तेव्हा नाशिकमध्येही पाय बर्फासारखे होतात. हे झोपताना आता सुती मोजे घालतात.

म्हणून ध्येय ६ च्या खाली. कोपरावर, कानाच्या पाळीला, बोटांना पांढरट गाठी आल्या असतील तर डॉक्टर ५ च्या खाली न्यायला सांगतात. ६ च्या खाली राहिलं की बसलेले स्फटिक परत विरघळतात, पण त्याला महिने जातात, कधी वर्ष-दोन वर्षं. आठ दिवसांत यूरिक अॅसिड मुळासकट घालवतो असं कोणी म्हटलं तर तिथून उठून या.

अजून एक, ज्याच्यामुळे माझी बरीच घालमेल कमी झाली. यूरिक अॅसिडचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करतं, जेवणातून साधारण एक तृतीयांश येतं, आणि गाऊट होतो तो बहुतेकदा किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नाही म्हणून. त्यात वारशाचा भाग मोठा असतो. कडक पथ्य केलं तरी आकडा साधारण एकानं खाली येतो. ८.९ वरून ७.९. म्हणजे पथ्याचा उपयोग आहेच, पण पेशंटला उठता-बसता "तू खातोस म्हणून होतं" असं बोलून काही उपयोग नाही, मी पण बोललेय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

ताट: कुठे खरंच हात आखडायचा

कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी हे पूर्ण बंद. सुकट, बोंबील, तारली, बांगडा, मांदेली ह्यांच्यातही प्युरिन (ज्याचं शरीरात यूरिक अॅसिड बनतं ते) भरपूर. मटण-चिकन महिन्यातून दोन-तीनदा, मोजके पीस. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी नाशिकच्या माणसानं नीट ऐकावी, मटण शिजताना त्यातलं बरंचसं प्युरिन पाण्यात उतरतं, म्हणजे ते रश्श्यात जातं. आपण काय करतो, पीस दोनच घेतले म्हणून समाधान मानतो आणि काळ्या मसाल्याचा रस्सा तीन वाट्या भाकरी चुरून खातो. आता आमच्याकडे पीस उकळून ते पाणी काढून टाकते आणि मग सुकं करते. चव थोडी कमी होते, पण खातात. आणि पायाचं सूप! सांधे दुखतात म्हटलं की प्रत्येक घरातलं कोणीतरी पाया सूप सुचवतंच. हाडाला ताकद म्हणून ह्यांना आठवडाभर दिलं होतं, दुसरा अटॅक त्याच आठवड्यात आला. गाऊटवाल्याला पाया सूप देऊ नका, कोणी कितीही मायेनं करून आणलं तरी.

आषाढ हा आमच्याकडचा सगळ्यात अवघड महिना, श्रावण लागायच्या आधी आखाड पार्ट्या सुरू झाल्या की एका रविवारी दोन-दोन ठिकाणी जेवणं असतात. जायचं, पण एकाच ठिकाणी, दारू नाही, रस्सा नाही, जेवणाआधी दोन ग्लास पाणी, सोबत ताक.

दारूचं स्पष्ट सांगते. बिअर सगळ्यात वाईट कारण तिच्यात प्युरिन पण असतं आणि अल्कोहोल पण. व्हिस्की-रमनंही वाढतं. आणि आपल्या नाशिकमध्ये वाईन घरोघरी पोचलीय, लोक म्हणतात वाईन द्राक्षाची, ती चालते. नाही चालत, गाऊट असलेल्या लोकांवरच्या अभ्यासात वाईननंतरही अटॅकचा धोका वाढलेला दिसलाय. अटॅक येऊन सहा महिने झाले नसतील, आकडा ६ च्या खाली आला नसेल, तर सगळंच बंद ठेवा.

आता साखर, जिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज लिव्हरमध्ये जिरताना यूरिक अॅसिड तयार होतं. कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, रसवंतीचा उसाचा रस, सरबतं. २००८ मध्ये पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास आला होता, रोज दोन किंवा जास्त गोड कोल्ड्रिंक पिणाऱ्यांना गाऊटचा धोका ८५ टक्क्यांनी जास्त दिसला. ह्यांना कंपनीत दुपारी कोल्ड्रिंकची सवय होती, सातपूरच्या उन्हात शॉपफ्लोअरवर बरं वाटतं म्हणून. आम्ही सगळ्यात आधी ते बंद केलं. साखर सोडून गुळाचा चहा घेताय तर तिथेही तेच, गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, आणि मधात तर फ्रुक्टोज अजून जास्त.

द्राक्षांबद्दल सगळे विचारतात. फळं बंद करायची नसतात, आख्ख्या फळात चोथा असतो, पोट भरतं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे द्राक्षं किलोनं नाही, कॅरेटनं येतात, टीव्ही बघता बघता अर्धा किलो जातं, आणि अर्ध्या किलोत ३५-४० ग्रॅम फ्रुक्टोज सहज असतं. एक छोटी वाटी घ्या आणि वाटीतच घ्या, घडावरून तोडून खायला बसलात की मोजमाप राहत नाही. मनुकांचंही तसंच, आठ-दहा.

आणि हे सोडू नका

२००४ मध्ये अमेरिकेत ४७ हजार पुरुषांना १२ वर्षं बघून एक अभ्यास झाला, त्यात मांस आणि मासळीनं गाऊट वाढलेला दिसला, पण डाळी, पालक, मशरूम, फ्लॉवर ह्या प्युरिनवाल्या भाज्यांनी वाढलेला दिसला नाही. आणि दूध-दही खाणाऱ्यांना उलट कमी झाला. हे वाचलं त्या दिवशी मी परत तुरीचं वरण लावलं. शाकाहारी माणसानं डाळ सोडली तर प्रोटीन येणार कुठून? वाटीभर वरण, मटकीची उसळ, मुगाचं धिरडं बिनधास्त चालतं. मिसळीचा प्रॉब्लेम मटकी नाही, तर्री, फरसाण आणि पावानं वाढणारं वजन आहे. महिन्यात एकदा खा.

ताक रोज. "आंबट खाऊ नको, सांधे धरतात" हे आपल्या घराघरात बसलंय, पण जिभेला आंबट लागणं आणि रक्तात यूरिक अॅसिड वाढणं ह्याचा संबंध नाही. लिंबू, आवळा, ताक चालतं. टोमॅटोचं मात्र थोडं वेगळं, न्यूझीलंडमध्ये गाऊटच्या बऱ्याच लोकांनी टोमॅटोनं अटॅक येतो असं सांगितलंय, म्हणून सरसकट बंद नाही करायचा, स्वतःवर लक्ष ठेवायचं. ह्यांना काही होत नाही. बिनसाखरेची कॉफी चालते, ती पिणाऱ्यांमध्ये गाऊट कमी दिसतो.

पाणी, उपास, वजन

किडनी किंवा हार्टसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर दिवसाला अडीच-तीन लिटर, लघवी फिकट पिवळी दिसेल इतकं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा अजून. झोपताना एक ग्लास, रात्री बाथरूमला उठलात तर परत थोडं.

उपासाचं नीट समजून घ्या कारण इथे भाविक माणसं फसतात. पोट रिकामं राहिलं की शरीरात कीटोन तयार होतात आणि ते किडनीला यूरिक अॅसिड बाहेर टाकू देत नाहीत. ह्यांचा तिसरा अटॅक नवरात्रात सातव्या माळेला आला, मांसाचा कणही नव्हता पोटात, नऊ दिवसांचा कडक उपास, पाणी कमी आणि सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढून आलेले. आता उपास करतात पण भगर, दही, ताक, राजगिरा, फळ असं दर तीन-चार तासांनी, निर्जळी एकादशी नाही. देवीला हे चालतं असं सासूबाईंनीच सांगितलं म्हणून प्रश्न सुटला.

वजनाचंही असंच. कमी करायचंच, त्याचा फायदा मोठा आहे, पण हळू, महिन्याला दोन किलो फार झालं. क्रॅश डाएट, कीटो, "आठ दिवसांत पाच किलो" यानं अटॅक येतो. हे ८६ किलो होते, चौदा महिन्यांत ७७ वर आले, गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी ४० मिनिटं चालून आणि रात्रीचं जेवण आठच्या आत आणून. अंगठा दुखत असताना चालायचं नाही, आणि बूट पुढून रुंद घ्या. कंपनीचे सेफ्टी शूज एक नंबर मोठे मागून घेतले.

काढे, चूर्ण, लेप

आयुर्वेदात ह्याला वातरक्त म्हणतात, चरकसंहितेत ह्याचंच एक नाव आढ्यवात आहे, आढ्य म्हणजे श्रीमंत, सुखवस्तू, खाऊनपिऊन बसून राहणाऱ्यांचं दुखणं. म्हणजे हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखीचं आहे. पण काय घ्यायचं ते शिकलेल्या वैद्यांना नाडी आणि रिपोर्ट दोन्ही दाखवून घ्या, आणि चालू गोळ्यांची यादी त्यांच्यासमोर ठेवा.

घरच्या गोष्टींमध्ये आवळा चांगला, व्हिटॅमिन सीनं यूरिक अॅसिड थोडं उतरतं, थोडंच. हळदीचं दूध चालेल, झोप बरी लागते, त्यानं आकडा उतरतो असं नाही. चेरीबद्दल २०१२ चा अभ्यास आहे, ६३३ पेशंटमध्ये चेरी खाल्लेल्या दिवसांत अटॅकचा धोका ३५ टक्के कमी दिसला, पण आपल्याकडे ताजी चेरी मे-जूनमध्ये थोडे दिवस येते आणि महाग असते, मिळाली तर खा, नाही मिळाली तर काही अडत नाही. पाकातल्या लाल चेऱ्या, केकवरच्या, त्या नाही, ती साखर आहे. सफरचंदाचं व्हिनेगर उतरवतं ह्याला पुरावा नाही. खाण्याचा सोडा पाण्यातून घेऊ नका, त्यातल्या सोडियमनं बीपी वाढतं.

गुळवेल सगळेच सांगतात. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं, आयुष मंत्रालयानं म्हटलं की वेल सुरक्षित आहे, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होते. मी एवढंच म्हणेन की कोपऱ्यावरून तोडून आणलेली वेल महिनोन्महिने उकळून पिऊ नका, घेत असाल तर लिव्हरची टेस्ट करा. काष्ठौषधीच्या दुकानात सुरंजान मिळतं, सांधेदुखीवर जुनं औषध, पण कडू सुरंजानात कोल्चिसिनच असतं. गोळी पण चालू आणि चूर्ण पण चालू म्हणजे दुप्पट डोस, विषबाधा होऊ शकते.

आणि ही आमच्यावर गुदरलेली गोष्ट. दुसऱ्या अटॅकनंतर एका ओळखीच्यांनी रस्त्याकडेच्या एका माणसाकडून बिनलेबलची पुडी आणून दिली, दोन दिवसांत दुखणं गायब, भूक खूप वाढली, आम्ही खूश. सहा आठवड्यांत ह्यांचा चेहरा गोल झाला, शुगर १९० वर गेली. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, कुठली पुडी घेताय? असल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि ती एकदम बंद करणंही धोक्याचं, डॉक्टरांनी हळूहळू उतरवलं. जादूसारखं लागू पडणारं बिननावाचं चूर्ण घरात असेल तर ते घेऊन डॉक्टरांकडे जा, लपवू नका.

रोजची गोळी

वर्षात दोन किंवा जास्त अटॅक, गाठी, मुतखडा, किंवा किडनी कमजोर, ह्यांपैकी काही असेल तर नुसत्या पथ्यावर बसू नका. अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट ह्या गोळ्या थोड्या डोसवर सुरू करून टेस्ट बघत वाढवतात. पहिल्या काही महिन्यांत स्फटिक हलायला लागतात म्हणून उलट अटॅक येऊ शकतो, त्यासाठी डॉक्टर तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिन कमी डोसात देतात, तेवढा काळ धीर धरा. अॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा रोजची छोटी अॅस्पिरिन चालू असेल तर त्यानंही यूरिक अॅसिड वाढतं, स्वतः बंद करू नका, पण विचारा, कारण लोसार्टनसारख्या बीपीच्या गोळीनं ते थोडं उतरतं आणि कधी बदल करता येतो.

आणि एक वही ठेवा. तारीख, कुठला सांधा, आदल्या दोन दिवसांत काय खाल्लं-पिलं, उपास, प्रवास, पाणी किती, आकडा किती. आमच्या वहीत शेवटची नोंद ५.४ आहे, गेल्या महिन्याची. पुढची टेस्ट आखाड संपल्यावर लावलीय, मुद्दाम.